तुमचं कुठलं ठरलं मग?

ऐकलंत का? पोर्तुगाल हातचं गेलं!

हे माझं नाही, काचीगुड्यातल्या एका वहिनींचं वाक्य. हळदीकुंकवाला आल्या होत्या, तिळाची वडी तोंडात टाकता टाकता म्हणाल्या. सूर असा, की पत्रिका जुळली होती, मुलगा बघून झाला होता आणि ऐन बैठकीत देण्याघेण्यावरून फिसकटलं. हैदराबादच्या मराठी घरांत सध्या हे असंच चालतं. ‘तुमचं कुठलं ठरलं मग?’ असं कुणी विचारलं की पूर्वी मुलीच्या सासरचं गाव सांगायचं, लातूर, नांदेड, फार तर पुणे. आता देश सांगायचा. बरं, नुसता देश सांगून सुटका नाही. कर किती टक्के, नागरिकत्व किती वर्षांनी, जुना पासपोर्ट ठेवू देतात की नाही, सगळं तोंडपाठ पाहिजे. ज्यांना स्वतःच्या घरपट्टीची पावती सापडत नाही ते माल्टाच्या करपद्धतीवर अर्धा तास बोलतात. ऐकणाऱ्याचा चहा गार होतो.

तर पोर्तुगाल. तिथे ५ लाख युरोचं घर घेतलं की ‘गोल्डन व्हिसा’ मिळायचा. वर्षाला सरासरी सात दिवस तोंड दाखवून यायचं आणि पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज टाकायचा. सात दिवस! आपल्या माहेरीसुद्धा त्याहून जास्त राहावं लागतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये घराची वाट बंद झाली, आता पैसे फंडात घालायचे. बाहेरून येणाऱ्यांना दहा वर्षं करात घसघशीत सवलत होती, तीही २०२४ पासून नव्या लोकांना नाही. त्यावर पाचाची दहा वर्षं करण्याचा घाट. वहिनींचं दुःख खरं आहे हो. फक्त ५ लाख युरो त्यांच्याकडे कधी होते, हा प्रश्न त्या दिवशी कुणी काढला नाही. हळदीकुंकवाला असले प्रश्न काढत नाहीत.

त्याच बैठकीत एक गोव्याच्या मावशी होत्या, त्या गालातल्या गालात हसत होत्या. त्यांना फंडबिंड काही नको. गोवा, दमण, दीवमध्ये १९ डिसेंबर १९६१ च्या आधी जन्मलेल्या माणसाची आणि त्याच्या मुला-नातवंडांची लिस्बनला जन्मनोंद होऊ शकते. म्हणजे जे इतरांना करोडो रुपयांत मिळत नाही ते मावशींच्या ट्रंकेत आजोबांच्या दाखल्याच्या रूपानं पडलेलं आहे! ज्या मावशींना आजवर ‘त्यांना माशांचा वास येतो’ म्हणून कोपऱ्यात बसवत, त्यांच्या शेजारची खुर्ची मिळवायला आता चढाओढ आहे. एकीनं तर त्यांच्या नातवाचं वय विचारलं. मी सरळ सांगते, मला लाज वाटली. आणि मग मीही विचारलं.

माल्टाचं तर थेट कोर्टात मोडलं. पैसे घेऊन नागरिकत्व विकता येणार नाही, असं युरोपियन युनियनच्या न्यायालयानं २९ एप्रिल २०२५ ला ठणकावलं. राहिली कॅरिबियनमधली बेटं. डोमिनिका, ग्रेनेडा, अँटिग्वा. दोन लाख डॉलरच्या पुढे पैसे मोजा, पासपोर्ट घ्या. पण या बेटांचं नाव काढलं की घरातली वडीलधारी मंडळी दचकतात. मेहुल चोक्सींनी २०१७ मध्ये अँटिग्वाचं नागरिकत्व घेतलं आणि पुढच्याच वर्षी पंजाब नॅशनल बँकेचं प्रकरण बाहेर आलं. ललित मोदींनी पॅसिफिकमधल्या वानुआटूचा पासपोर्ट काढला, तर मार्च २०२५ मध्ये तिथल्या पंतप्रधानांनी तो रद्द करायलाच सांगितलं. आता मला सांगा, निवृत्त बँक मॅनेजरनं सोसायटीत कसं सांगावं की आमचं अँटिग्वा ठरलंय? लोक हिशेबाच्या वह्या तपासायला मागतील.

दुबईवाल्यांची ऐट मात्र बघवत नाही. पगारावर आयकर शून्य! हे ‘शून्य’ ते असं उच्चारतात की ते त्यांच्यासाठीच शोधलं गेलं असावं. २० लाख दिरहमचं घर घेतलं की दहा वर्षांचा गोल्डन व्हिसा. शमशाबादहून विमानात बसलं की चार तासांत तिकडे. सगळं खरं. नागरिकत्वाचं विचारा की विषय बदलतात आणि मॉलमधल्या बर्फावर येतात. परक्या माणसानं तिथे जन्म काढला तरी नागरिकत्व सहसा मिळत नाही. नोकरी संपली की व्हिसाची वजाबाकी सुरू. आणि शून्य करातही आपल्या सरकारनं २०२० पासून एक पाचर मारून ठेवली आहे. तुम्ही भारताचे नागरिक, इथलं उत्पन्न १५ लाखांच्या वर आणि जगात कुठेच कर लागत नाही, तर कायदा तुम्हाला इथलेच रहिवासी मानतो. अर्थात तेव्हाही कर लागतो तो इथल्या कमाईवर आणि इथून चालवलेल्या धंद्यावर, दुबईच्या पगारावर नाही. पण हे पुढचं वाक्य कुणी ऐकूनच घेत नाही, आधीच्या वाक्याला ‘अगं बाई!’ करून उठतात.

त्याहून मोठी धांदल दिवसांची. एरवी वर्षात १८२ दिवस इथे राहिलं की रहिवासी. पण परदेशातून भेटीला येणाऱ्यांचं इथलं उत्पन्न १५ लाखांवर असेल आणि आधीच्या चार वर्षांत मिळून ३६५ दिवस इथे झाले असतील, तर १२० दिवसांतच फास आवळतो. त्यामुळे हिमायतनगरच्या एका काकूंच्या भिंतीवर कालनिर्णयच्या चौकोनात पूर्वी दूधवाल्याचे खाडे असत, तिथे आता मुलगा भारतात राहिल्याचे दिवस आहेत. गणपतीला आला, सहा फुल्या. दिवाळीला राहा म्हणावं तर काकू बोटं मोजतात. आईनं मुलाला ‘आता तू निघ बाबा, दिवस भरत आले’ असं म्हणण्याची वेळ आली! आपल्याकडे दिवस भरणं वेगळ्या प्रसंगी म्हणत.

अमेरिकेचं काय, तिचं दुखणं सगळ्यांना पाठ आहे. वर्षाला ६५ हजार अधिक २० हजार एच-वन-बी म्हणजे नोकरीचे व्हिसे, तेही सोडतीनं. ग्रीन कार्डात एका देशाला सात टक्क्यांहून जास्त वाटा नाही, म्हणून भारतीयांची रांग मारुतीच्या शेपटासारखी. सप्टेंबर २०२५ मध्ये ट्रम्पसाहेबांनी बाहेरून आणायच्या नव्या एच-वन-बीवर एक लाख डॉलरचा आकार बसवला, तेव्हा कॉम्प्युटर क्लासांच्या अमीरपेटेत सुतकच होतं. आणि एवढं करून तिथले झालात तर तुम्ही चंद्रावर जाऊन कमावलंत तरी अमेरिकेला कर देणं आलं. जगात नागरिकत्वाच्या नात्यानं असा पाठलाग करणारे देश दोनच, अमेरिका आणि इरिट्रिया. हे सांगितल्यावर वहिनींनी विचारलं, ‘मग इरिट्रियाचं नागरिकत्व किती वर्षांनी?’

म्हणून लोक चिलकूरला जातात. उस्मानसागराच्या काठचा बालाजी, ‘व्हिसा बालाजी’ म्हणून ख्याती. नवस बोलताना ११ प्रदक्षिणा, काम झालं की येऊन १०८. शनिवारी पाहा, इंजिनिअरिंगची पोरं हातात आकड्यांचं कार्ड घेऊन एकेक फेरी खोडत पळत असतात. या देवळात हुंडी नाही. म्हणजे बघा, व्हिसा देतो आणि कर शून्य, असा हा एकच. नागरिकत्वाचं मात्र त्याच्या खात्यात येत नाही. अमेरिकेची व्हिसाची कचेरी आधी बेगमपेठेत पायगा पॅलेसमध्ये होती, २०२३ मध्ये नानकरामगुड्याला गेली. चिलकूर तिथून जवळ पडतं. हा योगायोग आहे असं तुम्ही म्हणा.

या गावानं एक भलतंच प्रकरणही पाहिलंय. हैदराबाद पब्लिक स्कूलचा मुलगा, सत्या नाडेला. हाती आलेलं ग्रीन कार्ड त्यांनी १९९४ मध्ये दिल्लीच्या अमेरिकन वकिलातीत नेऊन परत केलं! का, तर ग्रीन कार्डवाल्याच्या बायकोला यायला वर्षानुवर्षं थांबावं लागे आणि एच-वन-बीवाल्याची बायको लगेच येऊ शके. वकिलातीतला माणूस चक्रावला. आपल्या पुस्तकात त्यांनी हे लिहिलंय, पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये ‘ग्रीन कार्ड परत करणारा तोच का’ अशी त्यांची ओळख झाली, हेही. आमच्याकडे ही गोष्ट पुरुषमंडळींसमोर काढायची नाही, असा अलिखित नियम आहे. कारण लगेच एखादी नवऱ्याकडे वळून विचारते, ‘तुम्ही काय परत केलं असतंत?’

बाकी देशांचं थोडक्यात. कॅनडा पाच वर्षांत १,०९५ दिवस राहिलं की नागरिकत्वाचा अर्ज घेतो, पण ओंटारिओत वरच्या कमाईवर निम्म्याहून जास्त कर. ऑस्ट्रेलियात चार वर्षं. सिंगापूर सगळ्यांना आवडतं: कर कमी, भांडवली नफ्यावर कर नाही, देऊळ आहे, कढीपत्ता मिळतो. मग कुणीतरी सांगतं की तिथे कायम रहिवासी झालेल्याच्या मुलाला दोन वर्षं सक्तीची लष्करी सेवा करावी लागते. ‘आमचा बंटी?’ बंटीला अजून बुटांची नाडी आई बांधते. सिंगापूर रद्द.

जर्मनीनं २०२४ मध्ये नागरिकत्व पाच वर्षांवर आणलं आणि जुनं नागरिकत्वही ठेवा म्हणून सांगितलं. झालं, पेढे वाटायचेच बाकी राहिले. पण जर्मनीनं परवानगी दिली म्हणून भारतानं दिली असं होत नाही ना! आपल्या संविधानाचं ९ वं कलम आणि १९५५ चा कायदा सांगतो की आपणहून दुसऱ्या देशाचं नागरिकत्व घेतलंत की इथलं संपलं. आणि जर्मनीचं नाव काढल्यावर तेलंगणात कुणाची आठवण येते, हे काय वेगळं सांगायला हवं? वेमुलवाड्याचे माजी आमदार चेन्नमनेनी रमेश. आपल्या महाराष्ट्राचे राज्यपाल होते ना विद्यासागर राव, त्यांचे पुतणे. १९९३ मध्ये जर्मन झाले, परत येऊन २००९ मध्ये भारतीय झाले आणि त्याच वर्षी आमदारही. विरोधी उमेदवारानं मुद्दा धरला की अर्जाआधीचे सलग बारा महिने भारतात राहायची अट यांनी पाळलीच नाही. माणूस निवडणुकांवर निवडणुका जिंकतोय आणि मागे कोर्टात दिवसांची मोजदाद चाललीय! गृहमंत्रालयानं नागरिकत्व रद्द केलं, प्रकरण वर्षानुवर्षं लोंबलं आणि डिसेंबर २०२४ मध्ये तेलंगणा हायकोर्टानं निकाल दिला: हे जर्मनच. वर ३० लाखांचा दंड, त्यातले २५ लाख त्या विरोधी उमेदवाराला. लोकांनी चार वेळा निवडून दिलेला आमदार परदेशी निघाला, याहून खमंग काय हवं? हिमायतनगरच्या काकूंचं कालनिर्णय तेव्हापासून वाढलेल्या आदरानं पाहिलं जातं.

आता ‘हल्लीच्या पोरांना काही धरबंध नाही’ म्हणणाऱ्या आजोबांकडे वळते. आजोबा, मुलकी सर्टिफिकेट विसरलात? मराठवाडा निजामाच्या राज्यात होता तेव्हा या गावात सरकारी नोकरी हवी तर ‘मुलकी’ असावं लागे. बीड-परभणीचा माणूस जन्मानं मुलकी. आणि पुण्याचा? गैरमुलकी! पुणेकर परदेशी ठरत होते असं एक राज्य या भूमीवर होऊन गेलं, आणि त्याचं आपल्याला काहीच कसं वाटत नाही? बाहेरच्यानं मुलकी व्हायचं तर १५ वर्षं इथे राहायचं आणि मॅजिस्ट्रेटसमोर प्रतिज्ञापत्र करायचं की मूळ गावी परतण्याचा विचार आपण सोडून दिला आहे. विचार सोडलाय, हे लिहून द्यायचं! एवढी पुढची अट अमेरिकेलासुद्धा सुचलेली नाही. १९५२ मध्ये याच मुलकीपणावरून ‘गैरमुलकी गो बॅक’, ‘इडली-सांबार गो बॅक’ अशा घोषणा देत पोरं रस्त्यावर उतरली, गोळीबार झाला, माणसं गेली. सुलतान बाजारात कित्येक मराठी घरांच्या जुन्या कागदांत ते सर्टिफिकेट असेल. तेव्हा नागरिकत्वासाठी धावाधाव ही नातवंडांनी काढलेली टूम नाही.

आणि ज्या घराण्याचे मुलकी होण्यासाठी आपले पूर्वज धडपडले, त्याच घराण्याच्या वारसानं काय केलं ठाऊक आहे? पळ काढला! सातवे निजाम मीर उस्मान अली खान फेब्रुवारी १९६७ मध्ये गेले. गादी मुलाला न देता नातवाला, मुकर्रम जाह यांना, दिली. नातू जन्मला फ्रान्समध्ये नीसला, आई ऑटोमन खलिफाची मुलगी, शिक्षण डून, हॅरो, केंब्रिज, सँडहर्स्ट. वारशात काय काय मिळालं? राजवाडे, हिरे, हजारो नोकर, आजोबांच्या जनानखान्यातल्या बायका, त्यांची मुलं आणि सगळ्यांचे वकील. झुंबरांची धूळ झाडायलाच ३८ माणसं होती, असं छापून आलंय. १९७१ मध्ये संस्थानिकांचे तनखे बंद झाले. त्या काळात आयकराचा वरचा दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांपर्यंत गेला होता, संपत्ती कर वेगळा. शंभरातले सव्वादोन रुपये आपले! आता ३० टक्क्यांवर कपाळाला हात लावणाऱ्यांनी हे दोनदा वाचावं.

मग साहेबांनी देश निवडला, ऑस्ट्रेलिया. पर्थ नाही, सिडनी नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात मर्चिसन हाऊस नावाचं मेंढ्यांचं कुरण, जवळपास २ लाख हेक्टर. शेजारी मेंढ्या, पलीकडे मेंढ्या. तिथे हे हैदराबादचे आठवे निजाम, बुलडोझर चालवत, यंत्रं खोलत, अंगावर ग्रीस माखून खूश! बिचाऱ्या दरबाऱ्यांना काय वाटलं असेल? इकडे चौमहल्ला राजवाड्याला कुलपं, दावे चालूच, आणि मालक तिकडे इंजिनखाली. पुढे तिथेही कर्ज झालं, १९९६ मध्ये तुर्कस्तान गाठलं, भाड्याच्या साध्या घरात राहिले. आधीच काडीमोड झालेल्या बेगम एसरांनी नंतर येऊन चौमहल्ला सावरला, आज आपण तिकीट काढून बघतो तो त्यांच्यामुळे. बायकांनाच आवरावं लागतं शेवटी. जानेवारी २०२३ मध्ये इस्तंबूलला मुकर्रम जाह वारले, आणि दफन कुठे? मक्का मशिदीत, चारमिनारजवळ. लोक म्हणतात करापायी देश सोडला. मी म्हणते, त्या मेंढ्यांपैकी एकही नातलग नव्हती, हे त्या कुरणाचं खरं मोल होतं.

कारण आतली गोष्ट सांगू? कुणाला सांगू नका. कर, नागरिकत्व हे सगळं हॉलमधलं बोलणं. स्वयंपाकघरात देश घड्याळावर ठरतो. सिडनी आपल्या साडेचार-साडेपाच तास पुढे, म्हणजे सासूबाई सकाळी फोन करतील तेव्हा तिकडे सून ऑफिसात, उचलता येत नाही. न्यू जर्सीत उलटं, त्यांच्या संध्याकाळी तिकडे सकाळची घाई. दुबई दीडच तास मागे, शिवाय विमान चार तासांचं. सासूबाई केव्हाही दारात! शून्य कर असूनही दुबई कित्येक घरांत का मागे पडते, याचं उत्तर कुठल्याही सीएच्या वहीत सापडणार नाही. उलट ज्यांची आई इकडे एकटी आहे ते निमूटपणे दुबई किंवा सिंगापूर घेतात आणि ‘टॅक्ससाठी’ म्हणून सांगतात. तेही खपतं.

आणि जाणारे गेलेच. २०२२ मध्ये २ लाख २५ हजार ६२० भारतीयांनी नागरिकत्व सोडलं, २०२४ मध्ये २ लाख ६ हजार ३७८. हे आकडे सरकारनंच संसदेत दिले. सोडलं म्हणजे अगदीच नातं तुटलं असं नको, म्हणून ओसीआय कार्ड आलं. त्याचा नारळ फुटला जानेवारी २००६ मध्ये, प्रवासी भारतीय दिवसाला, मनमोहन सिंगांच्या हस्ते, आणि कुठे म्हणाल तर आमच्याच हैदराबादेत! त्या कार्डावर आजन्म ये-जा करा. मतदान नाही, सरकारी नोकरी नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसानं आली तर ठीक. मतदानाचं ऐकून कुणाला फारसं वाईट वाटलेलं मी पाहिलं नाही. पण ‘शेत घेता येत नाही’ म्हटल्यावर लातूरकडचे दोन काका ऑस्ट्रेलियाच्या यादीतून तडक उठले. वीस वर्षांत शेतावर पाऊल न टाकलेले काका!

पैसे न्यायचेही कायदे आहेत. माणशी वर्षाला अडीच लाख डॉलर, आणि १० लाख रुपयांवर गुंतवणुकीसाठी पाठवलेल्या रकमेवर बँक आधी २० टक्के कापून सरकारात भरते, ते विवरणपत्रात मागून वळतं होतं. त्यामुळे एक घर दरडोई हिशेबासाठी आजीलाही डॉलर पाठवायला लावणार होतं. आजीनं एकच विचारलं: ‘व्याज किती?’

माझं मत विचाराल तर कर शून्य, नागरिकत्व झटपट आणि इथला पासपोर्टही खिशात, असा देश नकाशावर नाही. कर न घेणारे आपलं म्हणत नाहीत, आपलं म्हणणारे कर घेतात. ज्यांना खरोखर जायचंय त्यांनी फी भरून सीएला विचारावं, मला किंवा वहिनींना नव्हे. आणि दुसऱ्या देशाची शपथ घेतलीत की इथला पासपोर्ट आठवण म्हणून कपाटात ठेवू नका. तो भारतीय वकिलातीत जमा करावा लागतो, आणि उशीर केला किंवा त्यावर प्रवास केला तर दंड बसतो.